संपूर्ण भुलीच्या प्रवर्तनासाठी वापरली जाणारी औषधे : एक औषधक्रियावैज्ञानिक विवेचन

प्रस्तावना

आधुनिक शस्त्रक्रियेची उभारणी ज्या शोधांवर झाली, त्यांत भुलीच्या औषधांचे स्थान जंतुनाशनाइतकेच महत्त्वाचे आहे. नाशिक येथे १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे आणि या विषयाचे अध्ययन-अध्यापन त्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत नियमितपणे चालते. तथापि कला, वाणिज्य व मूलभूत विज्ञान शाखांतील अध्यापकांना हा विषय सहसा रुग्ण अथवा रुग्णाचे नातेवाईक म्हणूनच भेटतो. संमतिपत्रावर सही केली जाते, रुग्ण आत नेला जातो आणि पुढे काय घडले हे कळण्याचा मार्ग उरत नाही. प्रस्तुत लेखात संपूर्ण भुलीच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत वापरल्या जाणाऱ्या औषधांचा विचार केला आहे. या टप्प्यास प्रवर्तन असे म्हणता येईल. जागृतावस्थेतून बेशुद्धावस्थेत नेणे एवढेच त्याचे काम असते. त्यानंतरची भूल टिकविण्यासाठी बहुधा निराळी औषधे अथवा वायुरूप द्रव्ये वापरली जातात.

येथे एक भाषिक बाब नोंदविणे अप्रस्तुत ठरणार नाही. बोलीभाषेत 'झोपेचे इंजेक्शन' असा शब्दप्रयोग रूढ असला, तरी ही अवस्था झोप नव्हे. झोपलेल्या माणसास हलविले अथवा चिमटा काढला तर तो जागा होतो; भूल दिलेल्या रुग्णाच्या पोटावर छेद घेतला तरी तो जागा होत नाही. या दृष्टीने मराठीतील 'भूल' हा जुना शब्द अधिक यथार्थ वाटतो.

शिरेतील औषधांपूर्वीचे प्रवर्तन

या औषधांमुळे नेमका कोणता बदल झाला, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातील एक सुपरिचित शस्त्रक्रिया विचारात घेता येईल. दि. १२ जानेवारी १९२४ रोजी येरवडा कारागृहातील बंदी महात्मा गांधी यांना आंत्रपुच्छाच्या दाहामुळे पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविण्यात आले आणि त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि उर्वरित काम कंदिलाच्या उजेडात पूर्ण करावे लागले, हा प्रसंग चरित्रग्रंथांतून सर्वत्र आढळतो. भूल क्लोरोफॉर्मची होती, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

क्लोरोफॉर्म श्वासावाटे फुफ्फुसात, तेथून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोहोचते. या प्रवासास काही मिनिटे लागतात. मेंदूतील नियमन करणारी केंद्रे आधी मंदावत असल्याने पूर्ण बेशुद्धीपूर्वी रुग्ण हातपाय झाडतो, बडबडतो, श्वास रोखून धरतो, क्वचित उलटीही करतो. ही उत्तेजनावस्था भूलतज्ज्ञास सर्वाधिक भय वाटावे अशी होती, कारण याच वेळी हृदयाची लय बिघडून आकस्मिक मृत्यू ओढवत. क्लोरोफॉर्मने श्वास आधी थांबतो की हृदय, या वादाचा निकाल लावण्यासाठी निजामाच्या हैदराबाद राज्यात १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसविण्यात आले आणि त्यांनी श्वासाच्या बाजूने कौल दिला. पुढे १९११ मध्ये इंग्लंडमधील लेव्ही यांच्या प्रयोगांनी हलक्या भुलीत क्लोरोफॉर्म हृदयाच्या जवनिकांत प्राणघातक कंप निर्माण करू शकते, हे दाखवून दिले. म्हणजेच भूल पूर्ण चढण्यापूर्वीचा काळच धोक्याचा होता. हा काळ मिनिटांवरून सेकंदांवर आणणे हे शिरेतील औषधांचे मुख्य कार्य होय.

थायोपेंटोन : जाग का येते?

अॅबट या अमेरिकी कंपनीतील व्होल्विलर आणि टॅबर्न या रसायनशास्त्रज्ञांनी तयार केलेले थायोपेंटोन, अर्थात पेंटोथाल, मार्च १९३४ मध्ये विस्कॉन्सिन येथे राल्फ वॉटर्स यांनी प्रथम मानवी रुग्णास दिले. त्याच वर्षी मेयो क्लिनिकमध्ये जॉन लुंडी यांनी त्याचा पद्धतशीर वापर सुरू केला. बार्बिट्युरेट वर्गातील या औषधात एका ऑक्सिजन अणूच्या जागी गंधकाचा अणू असतो. या एका बदलामुळे रेणूची मेदातील विद्राव्यता बरीच वाढते आणि मेदयुक्त पेशीपटलांतून तो विनाविलंब पार होऊन मेंदूत शिरतो. हातातील शिरेतून हृदय, फुफ्फुसे, पुन्हा हृदय आणि मेंदू असा रक्ताचा एक फेरा पूर्ण होण्यास लागणाऱ्या सुमारे ३० सेकंदांत रुग्ण बेशुद्ध होतो. अंक मोजावयास सांगितलेल्या रुग्णाचे मोजणे मध्येच थांबते, ते यामुळे.

एकच मात्रा दिली असता पाच ते दहा मिनिटांत रुग्ण जागा होतो. प्रथमदर्शनी असे वाटते की, यकृताने औषधाचा निचरा केला असावा. पण आकडे निराळेच सांगतात. ५० किलो वजनाच्या रुग्णास किलोमागे ४ मिलीग्रॅम या प्रमाणात २०० मिलीग्रॅम औषध दिले, असे समजू. यकृत शरीरातील थायोपेंटोनपैकी ताशी १० ते १५ टक्क्यांच्या आसपासच भाग नष्ट करते. या हिशेबाने पहिल्या दहा मिनिटांत फार तर पाच मिलीग्रॅम नष्ट होईल. रुग्ण डोळे उघडतो तेव्हा उरलेले सुमारे १९५ मिलीग्रॅम औषध त्याच्या शरीरातच असते!

मग जाग का येते? या प्रश्नाचे उत्तर रक्तपुरवठ्याच्या विषम वाटपात आहे. मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचे एकत्रित वजन शरीराच्या सुमारे १० टक्के, परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ ७५ टक्के त्यांच्याकडे जाते. स्नायूंचे वजन निम्म्याच्या आसपास असूनही त्यांच्या वाट्यास साधारण २० टक्केच रक्त येते. चरबीस तर त्याहून पुष्कळच कमी. साहजिकच औषधाचा पहिला लोंढा मेंदूत शिरतो. पुढील काही मिनिटांत स्नायू औषध शोषत राहतात, रक्तातील प्रमाण उतरते आणि मेंदूतील औषध रक्तात परत येते. या क्रियेस पुनर्वितरण म्हणतात.

नाशिककरांना परिचित असलेल्या उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल. सिंहस्थातील पर्वणीस यात्रेकरूंचा लोंढा प्रथम रामकुंडावर येतो, कारण सारे मार्ग तिकडेच वळविलेले असतात. काही वेळाने तेथील गर्दी ओसरते. याचा अर्थ यात्रेकरू आपापल्या गावी परतले असा नव्हे. ते पंचवटी, तपोवन आणि शहरातील धर्मशाळांत पांगलेले असतात. शहर खऱ्या अर्थाने रिकामे होते ते परतीच्या गाड्या सुटल्यावर, आणि त्यास बराच अवधी लागतो. येथे रामकुंड म्हणजे मेंदू, धर्मशाळा म्हणजे स्नायू व चरबी आणि परतीच्या गाड्या म्हणजे यकृत. धर्मशाळा भरलेल्या असताना दुसरा, तिसरा लोंढा आला तर कुंडावरील गर्दी हटणार नाही. नेमक्या याच कारणाने थायोपेंटोनच्या वारंवार मात्रा देऊन दीर्घ शस्त्रक्रिया केल्यास रुग्ण कित्येक तास शुद्धीवर येत नाही. एका मात्रेनंतर दहा मिनिटांत संपणाऱ्या या औषधाचा निष्कासन अर्धायुकाल ११ ते १२ तासांचा आहे, हा विरोधाभास अशा प्रकारे उलगडतो. भुलीनंतर रुग्ण पूर्ण सावध दिसत असला तरी त्याने एक दिवस दुचाकी चालवू नये, व्यवहाराच्या कागदपत्रांवर सह्या करू नयेत, असे सांगितले जाते ते निव्वळ अतिसावधगिरीपोटी नव्हे.

पुनर्वितरणाची कल्पनाही एका फेरीत सिद्ध झाली नाही. ब्रोडी यांनी १९५० च्या सुमारास औषध चरबीत जाऊन साठते, म्हणून जाग येते, असे प्रतिपादन केले होते. चरबीतील औषधाचे प्रमाण खरोखरच पुष्कळ आढळते. परंतु चरबीस होणारा रक्तपुरवठा इतका तुटपुंजा आहे की, पाच-दहा मिनिटांत एवढे औषध तेथे पोहोचणे शक्य नाही. १९६० मध्ये हेन्री प्राइस यांनी गणिती पद्धतीने हे दाखविले आणि पहिल्या टप्प्याचे श्रेय स्नायूंसारख्या मेदरहित ऊतींना दिले. कोणत्या ठिकाणी किती साठले यापेक्षा कोणत्या वेगाने साठले हे पाहणे आवश्यक होते. अर्थशास्त्राच्या अध्यापकांना साठा आणि प्रवाह यांतील हा भेद नवा वाटणार नाही.

रक्तस्रावाच्या रुग्णात तीच मात्रा

वरील विवेचनाचा सर्वांत गंभीर परिणाम रक्त गमावलेल्या रुग्णात दिसून येतो. पुष्कळ रक्त गेले असता शरीर स्नायू व त्वचा यांचा रक्तपुरवठा आखडते आणि उरलेले रक्त मेंदू व हृदय यांच्यासाठी राखून ठेवते. जीव वाचविणारी ही योजना भुलीच्या वेळी उलटते. औषध कमी रक्तात मिसळते, त्यातील मोठा वाटा मेंदूकडे व हृदयाकडे जातो आणि पांगण्यासाठी धर्मशाळांची दारे बंद असतात. शिवाय थायोपेंटोनमुळे शिरा सैलावतात व हृदयाचे आकुंचन क्षीण होते. निरोगी रुग्णात रक्तदाबाची ही घट शरीर भरून काढते. शॉकमधील रुग्णाने आपली सारी राखीव शक्ती आधीच वापरलेली असते. निरोगी रुग्णास सुरक्षित ठरणारी मात्रा त्याचे हृदय बंद पाडू शकते.

या संदर्भात पर्ल हार्बरचे उदाहरण पाठ्यपुस्तकांतून वारंवार दिले जाते. ७ डिसेंबर १९४१ च्या हल्ल्यातील जखमींना थायोपेंटोन दिल्याने अनेक मृत्यू झाले, असा समज हॅलफोर्ड यांच्या १९४३ मधील लेखामुळे पसरला आणि त्या लेखात हे औषध दयामरणाचे उत्तम साधन असल्याचा जळजळीत शेराही होता. १९९० च्या दशकात तेथील रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या असता मृत्यूंची ही कथा अतिरंजित असल्याचे निष्पन्न झाले. कथा फुगविलेली होती, पण तिच्यातील औषधक्रियाविज्ञान खोटे नव्हते. मात्रा घटवून, सावकाश आणि परिणाम पाहत देण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

योगायोगाने या औषधाची अखेरची मोठी चर्चाही मृत्यूच्या संदर्भातच झाली आणि तिचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचला. अमेरिकेत मृत्युदंडाच्या अंमलबजावणीसाठी थायोपेंटोन वापरले जात असे. तेथील उत्पादक हॉस्पिरा कंपनीने जानेवारी २०११ मध्ये उत्पादन थांबविल्यानंतर काही राज्यांच्या तुरुंग प्रशासनांनी परदेशांत शोध सुरू केला आणि मुंबईच्या केयेम फार्मास्युटिकल या कंपनीकडून नेब्रास्का राज्यास हे औषध विकले गेले. त्यावर टीका झाल्यानंतर एप्रिल २०११ मध्ये या कारणासाठी विक्री न करण्याचे कंपनीने जाहीर केले. रुग्णांसाठी तयार झालेले औषध अमेरिकेच्या शस्त्रक्रियागृहांतून अशा प्रकारे नाहीसे व्हावे, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रोपोफॉल व इटोमिडेट

आज शहरी रुग्णालयांतील बहुसंख्य प्रवर्तने प्रोपोफॉलने होतात. इंग्लंडमधील आयसीआय कंपनीत पशुवैद्य जॉन ग्लेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात त्याचा शोध लावला. हा रेणू पाण्यात विरघळत नाही. प्रारंभी त्यासाठी एरंडेलापासून बनविलेले क्रेमोफोर हे द्रावक वापरले गेले. त्याने तीव्र अॅलर्जीच्या प्रतिक्रिया येऊ लागल्याने औषध मागे घ्यावे लागले. पुढे सोयाबीनचे तेल आणि अंड्यातील लेसिथिन यांच्या पायसात ते बसविण्यात आले आणि १९८६ मध्ये ते ब्रिटनमध्ये उपलब्ध झाले. दुधासारखा पांढरा रंग त्याचाच. या पायसात जिवाणूही चांगले वाढतात, म्हणून फोडलेली कुपी काही तासांत टाकून द्यावी लागते. उरलेले औषध दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्याची काटकसर येथे घातक ठरते.

प्रोपोफॉलनंतरची पहिली जागही पुनर्वितरणानेच येते. परंतु त्याचा निचरा यकृतास मिळणाऱ्या रक्तप्रवाहापेक्षाही अधिक वेगाने होतो, म्हणजे यकृताबाहेरही त्याचे विघटन होत असले पाहिजे. आपल्या उदाहरणात परतीच्या गाड्या भरपूर असल्याने शहर लवकर रिकामे होते. रुग्ण ताजातवाना जागा होतो आणि मळमळही कमी असते. उलट बाजू अशी की, रक्तदाब थायोपेंटोनपेक्षाही अधिक उतरू शकतो आणि श्वास थांबतो. श्वास चालविण्याची साधने व ती हाताळणारी व्यक्ती जवळ नसताना हे औषध देणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ होय.

इटोमिडेट रक्तदाबास फारसा धक्का लावत नाही, म्हणून १९७० च्या दशकात त्याचे मोठे स्वागत झाले. अतिदक्षता विभागात ते सतत दिल्या गेलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे ग्लासगो येथील लेडिंगहॅम व वॉट यांनी १९८३ मध्ये निदर्शनास आणले. अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉल तयार करणारे एक विकर हे औषध रोखते, असे त्याचे कारण आढळले. एका मात्रेपुरता त्याचा वापर हृदयरोग्यांत आजही होतो.

ही तिन्ही औषधे मेंदूत कोणत्या ठिकाणी कार्य करतात? १९०० च्या सुमारास मेयर आणि ओव्हरटन यांनी दाखविले होते की, द्रव्य ऑलिव्ह तेलात जितके अधिक विरघळते तितके ते अधिक प्रभावी भूल देते. त्यावरून पेशीपटलातील मेद हेच कार्यस्थान मानले गेले. मात्र १९८४ मध्ये लंडनच्या फ्रँक्स व लिब यांनी काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या, मेदापासून मुक्त प्रथिनावरही भुलीच्या द्रव्यांचा तसाच परिणाम होतो हे सिद्ध केले आणि लक्ष प्रथिनांकडे वळले. गॅबा हे मेंदूतील प्रमुख शामक रसायन आहे. त्याच्या ग्राहीतील मार्ग उघडला की, क्लोराइड आयन चेतापेशीत शिरतात व पेशी शांत होते. थायोपेंटोन, प्रोपोफॉल आणि इटोमिडेट हा मार्ग अधिक काळ उघडा राखतात. या ग्राहीतील एकच अमिनो आम्ल बदललेल्या उंदरांत प्रोपोफॉल व इटोमिडेट यांचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. शंभर वर्षांच्या वादाला इतके नेमके उत्तर क्वचितच मिळते.

केटामिन आणि ग्रामीण रुग्णालय

केटामिन या कुटुंबात बसत नाही. काल्विन स्टीव्हन्स यांनी १९६२ मध्ये तयार केलेले हे औषध १९६४ मध्ये मिशिगन येथे तुरुंगातील स्वयंसेवकांना प्रथम दिले गेले. प्रयोग करणारे डोमिनो आणि कॉर्सेन यांना विलक्षण अवस्था दिसली : डोळे उघडे, श्वास चालू, पण भोवतालाशी संबंध तुटलेला. या अवस्थेस विच्छिन्न भूल म्हणता येईल. केटामिन गॅबाच्या ग्राहीऐवजी चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा एनएमडीए हा ग्राही अडवते. उत्कृष्ट वेदनाशमन हा त्याचा विशेष. थायोपेंटोन व प्रोपोफॉल यांत तो गुण नाही. अनुकंपी चेतासंस्था चेतवली गेल्याने रक्तदाब उतरण्याऐवजी चढतो, श्वास बहुधा चालू राहतो आणि शीर सापडत नसल्यास औषध स्नायूतही देता येते. जागे होताना भयप्रद भास होणे आणि लाळ फार सुटणे हे त्याचे दोष आहेत.

सुरगाणा अथवा पेठ तालुक्यातील प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीचा विचार केल्यास या गुणधर्मांचे मोल ध्यानात येईल. घाटरस्त्याने नाशिक गाठेपर्यंत वेळ हातात असेलच असे नाही. सिझेरियनसाठी एरवी पाठीच्या मणक्यातून दिली जाणारी भूल सोयीची. पण तिनेही रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो, म्हणून शॉकमध्ये ती वर्ज्य मानली जाते. प्रोपोफॉल व थायोपेंटोन यांची अडचण वर पाहिलीच. उरते केटामिन. मात्र येथेही एक मेख आहे. हृदयाच्या स्नायूवर केटामिनचा प्रत्यक्ष परिणाम क्षीण करणाराच असतो. अनुकंपी चेतासंस्थेचा जोर तो झाकून टाकतो. दीर्घकाळ शॉकमध्ये राहिलेल्या रुग्णात हा जोर संपलेला असतो आणि मग केटामिननेही रक्तदाब कोसळतो. म्हणून किलोमागे १ ते २ मिलीग्रॅमची नेहमीची मात्रा अशा वेळी निम्मी करतात. कोणतेही औषध 'सुरक्षित' म्हणून शिक्का मारण्याजोगे नाही. सुरक्षितता औषध, मात्रा आणि त्या क्षणीची रक्ताभिसरणाची स्थिती या तिहींवर ठरते. तज्ज्ञांच्या कमतरतेमुळे केंद्र शासनाने एमबीबीएस डॉक्टरांसाठी जीवनरक्षक भूल कौशल्यांचे प्रशिक्षण सुरू केले; आरंभी त्याचा कालावधी १८ आठवडे होता. तेवढ्या अवधीत हीच गोष्ट सर्वांत काळजीपूर्वक शिकविली जावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

केटामिनचा नशेसाठी होणारा गैरवापर व भारतातून आग्नेय आशियाकडे होणारी तस्करी यांमुळे डिसेंबर २०१३ मध्ये ते औषध नियमावलीच्या अनुसूची एक्समध्ये टाकण्यात आले. परिणामी स्वतंत्र परवाना, कुलूपबंद साठा, दुहेरी प्रतीतील चिठ्ठी आणि तिची एक प्रत दोन वर्षे जतन करणे बंधनकारक झाले. मोठ्या रुग्णालयास हे जड नाही. मोजक्या मनुष्यबळावर चालणाऱ्या छोट्या रुग्णालयास मात्र साठा न ठेवणेच सोपे वाटू शकते. आंतरराष्ट्रीय पातळीवरही २०१५ मध्ये केटामिनवर कडक नियंत्रण आणण्याचा प्रस्ताव चीनने संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगापुढे मांडला होता. गरीब देशांत शस्त्रक्रियेसाठी दुसरे साधन उरणार नाही, या कारणास्तव जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने अशा नियंत्रणाविरुद्ध वारंवार मत दिले आणि तो प्रस्ताव पुढे ढकलण्यात आला. संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत शिरेतून द्यावयाच्या भुलीच्या औषधांत प्रोपोफॉलबरोबर केटामिनचे स्थान कायम आहे.